नववा नियम कुणी लिहिला

सोमवार, ३ मार्च

वन्सं,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे उरलेले नाहीत. सहा वर्षं लोकांच्या पायांशी बसून त्यांच्या टाचा घासल्या की ते संपतात. तेव्हा नमस्कार झाला असं समजा.

आजवर तुम्हाला ताई म्हणत आले. आता म्हणवत नाही. नात्याने तुम्ही जे लागता तेच म्हणते, निदान ते तरी कुणी काढून घेऊ शकत नाही.

कागदावर का लिहितेय ते सांगते. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, हे एक. दुसरं, आम्ही बायका आमच्या ग्रुपवर एक ओळ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी ती तुमच्या ऑफिसात छापून टेबलावर पडलेली असते. आमच्यातलीच कुणीतरी पुरवते, दुसरं काय. म्हणून हे पत्र तुमच्या भावाच्या हाती देतेय. दर गुरुवारी संध्याकाळी तो तुम्ही राहता त्या इमारतीची लिफ्ट तपासायला येतोच. बहीण आणि बायको यांच्यामधला पोस्टमन व्हायची त्याला हौस नाही, काल रात्रीपासून तोंड पाडून बसलाय. पण याचा विचार त्याने लग्नाआधी करायला हवा होता.

आता मुद्द्यावर येते. माझी आयडी बंद होऊन नऊ दिवस झाले. अॅप उघडलं की पांढरा पडदा आणि त्यावर एकच वाक्य, 'तुमची गुणवत्ता तपासणी अपूर्ण आहे.' कामं दिसत नाहीत, कुणाशी बोलायची सोय नाही. मदतीचं बटण दाबलं की एक यंत्र विचारतं, मी तुमची काय मदत करू शकते, आणि मी सांगितलं की तेच वाक्य पुन्हा दाखवतं.

कशावरून झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. त्या दिवशी सकाळी सातपासून तीन घरं केली. चौथ्या घरी वॅक्स, फेशियल आणि पेडिक्युअर, साडेतीन तासांचं काम. निम्म्यात मला राहवेना. बाईंना विचारलं, तुमचं बाथरूम वापरू का. त्या म्हणाल्या, अगं जा ना, त्यात काय विचारायचं. गेले, आले, हात दोनदा धुतले, काम पूर्ण केलं. त्यांनी जाताना पाणीसुद्धा दिलं. मग मी लिफ्टमध्ये असतानाच त्यांनी शेरा लिहिला, 'काम छान, पण बाथरूम वापरलं.' दोन स्टार.

त्यावरून मला पुन्हा ट्रेनिंगला बोलावलं. परीक्षा कुणी घेतली? तुम्ही. समोरची खुर्ची कुणाची? तुमची. अकराच्या अकरा पायऱ्या मी केल्या, चादर अंथरण्यापासून कचऱ्याची पिशवी बांधण्यापर्यंत. तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. आणि कागदावर 'नापास'.

एकच ओळ मागतेय. 'परीक्षा पुन्हा घ्यावी.' खाली सही. एवढं केलंत तर मी परत तुमच्या वाटेला जाणार नाही.

तुमची भावजय

*

गुरुवार, ६ मार्च

भावजयीस,

भाऊ वर लिफ्टच्या खोलीत आहे तोवर लिहून टाकते. पत्र मिळालं. टोमणे मारण्यातली तुझी गुणवत्ता तपासणी कुणी घेतली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

वन्सं म्हण नाहीतर आणखी काही म्हण. मला फरक पडत नाही.

घर आणि ऑफिस मी एका ताटात वाढत नाही. तू माझ्या भावाची बायको आहेस हे ऑफिसात चौघांना माहीत आहे. तुला पास केलं असतं तर त्याच चौघांनी म्हटलं असतं, बघा, घरच्या माणसाला कसं सांभाळलं. मग माझ्या सहीला काय किंमत राहिली असती? तू माझ्या जागी बसून बघ एकदा.

नियम सगळ्यांना सारखा आहे. पुस्तिकेतला नववा नियम, ग्राहकाचे स्वच्छतागृह वापरू नये. त्या पानावर तुझी सही आहे. 'जा ना' म्हणणाऱ्या बायकाच नंतर तक्रार करतात, हे मी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तेव्हा तू मागच्या बाकावर बसून हसत होतीस. मला दिसत होतं.

आणि एक विसरू नकोस. तुला यात आणलं मी. त्या पार्लरमध्ये मालकीण तुला नावाने हाकसुद्धा मारत नव्हती, 'ए खुर्ची दोन' म्हणायची. घरी येऊन तू रडायचीस. मी तुला किट मिळवून दिलं, कपडे मिळवून दिले, स्वतःच्या वेळेची मालकीण केलं. सहा वर्षं सगळ्यांना सांगत फिरलीस की ताईने मार्ग दाखवला. आता एक ठेच लागली तर मार्ग दाखवणारी वाईट झाली.

धीर धर. मुदत संपली की परीक्षा पुन्हा होईल. तोवर तोंड सांभाळ. तू कुठे कुठे जातेस आणि कुणाला भेटतेस ते माझ्या कानावर येतं.

आईला औषध वेळेवर देत जा. मागच्या वेळी ती म्हणाली की तू विसरतेस.

*

शनिवार, ८ मार्च

वन्सं,

खुर्ची दोनला बाथरूम होतं.

तुमच्या पत्रावर मला एवढंच उत्तर द्यायचं होतं, पण पान मोकळं आहे तर पुढचंही लिहिते.

स्वतःच्या वेळेची मालकीण म्हणता. मालकिणीने दुपारी एक तास जेवायला म्हणून अॅप बंद ठेवलं तर संध्याकाळची कामं दुसरीला जातात. मालकिणीने दूरचं घर नको म्हटलं तर तिचं रेटिंग घसरतं. कागदोपत्री आम्ही कंपनीच्या 'पार्टनर'. पार्टनरला पार्टनरने दाराबाहेर काढलं आणि का काढलं तेही सांगितलं नाही, अशी भागीदारी तुम्ही तरी कुठे पाहिलीत?

आता गंमत ऐका. आमच्यात एक आहे, तिला आम्ही लांब वेणी म्हणतो. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनची. काहीही टाकून देत नाही, जुने ब्रशसुद्धा डब्यात ठेवते. तिच्याकडे पहिली पुस्तिका निघाली. त्या पुस्तिकेत आठच नियम आहेत. नववा नाहीच. तो दुसऱ्या पुस्तिकेत आला. आणि त्यात एक वाक्य आहे, 'पार्टनरने घरूनच सगळे आटपून निघावे, म्हणजे मध्ये अडचण येत नाही.'

आटपून निघावे! हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सिनेमाला निघताना, दवाखान्यात निघताना, कुठेही निघताना. उंबऱ्यावर उभं राहून तुम्ही सगळ्यांना तेच सांगता. कंपनीच्या साहेबाला हे वाक्य सुचलं नसतं, त्याला आमच्या पोटात काय असतं याची कल्पनाच नाही. नववा नियम तुम्ही लिहिलाय.

माझी सही त्याखाली आहे, बरोबर. पण सही करताना मला वाटलं होतं की हा नियम कुणा पुरुषाने लिहिला असणार, पाळी माहीत नसलेल्याने. एका बाईने, सकाळी सातला घर सोडून स्वतः किट वाहिलेल्या बाईने लिहिला असेल असं मनातही आलं नाही. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, दिवसाला पाणी दोन घोट, ओठ ओले करण्यापुरतं. आमच्यातल्या चष्मेवालीला याच दोन घोटांनी जानेवारीत दवाखान्यात पाच दिवस झोपवलं. लघवीतून रक्त जात होतं तिच्या. ती घरी आली तर तिची आयडी 'गैरहजर' म्हणून बंद, आणि तशीच उठून तुमच्याकडे परीक्षेला आली तर नापास.

बंद झालेल्या आम्ही सात जणी आहोत. सातही जणी जानेवारीत लॉन्ड्रीच्या मागच्या जिन्यात जमलो होतो, याच नियमाबद्दल बोलायला. एकूण बारा जणी आलो होतो. ज्या सात जणी तोंड उघडून बोलल्या, त्या सातच बंद. नापास करायला तुमच्याकडे आम्ही योगायोगाने एकापाठोपाठ आलो का?

खरं सांगा, मला किती मार्क पडले होते?

आईंचं औषध मी विसरत नाही. त्या थुंकतात. तुम्ही येऊन एक दिवस द्या, मग कळेल.

तुमची भावजय

*

गुरुवार, १३ मार्च

भावजयीस,

तू फार हुशार आहेस असं तुला वाटतं. हो, मी लिहिला. आता का लिहिला ते ऐक आणि मग तोंड वर करून बोल.

सुरुवातीच्या दिवसांत आम्ही दहाच जणी होतो. त्यातली एक मुलगी एका घरी गेली. बुकिंग बाईच्या नावाने होतं. घरात बाई नव्हतीच, नवरा होता. तो म्हणाला, येईलच ती पाच मिनिटांत, तुम्ही मांडामांड करा. मुलीला बाथरूमला जायचं होतं, ती गेली. त्याने बाहेरून कडी लावली. चाळीस मिनिटं. तो दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता आणि बोलत होता. काय बोलत होता ते मी लिहिणार नाही. शेवटी शेजारच्यांची बेल वाजली म्हणून त्याने कडी काढली. मुलगी किट तिथेच टाकून जिना उतरली.

त्यानंतर ऑफिसात बैठक झाली. मी नियम लिहिला. कुणाच्या घरात बाथरूमला जायचंच नाही. जाणारच नाही तर कोंडणार कोण? तुम्हा सगळ्यांसाठी लिहिला, तुझ्यासाठीसुद्धा. त्यानंतर आठ वर्षांत असं एकदाही झालं नाही. तुला त्याचे आभार मानायचे नसतील तर मानू नकोस, पण जिन्यात बायका गोळा करून मला शिव्या तरी देऊ नकोस.

मार्कांचं विचारू नकोस. ते गोपनीय असतं.

आता नीट वाच, कारण हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. ऑफिसला तुमच्या जिन्याचं सगळं माहीत आहे. बारा जणी म्हणालीस, आता चाळीसवर गेल्यात हेही माहीत आहे. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. माफीचे चार शब्द लिहून दे आणि जमवाजमव कोण करतंय त्यांची नावं दे. तुझी आयडी पुढच्या सोमवारी सुरू होईल. हे मी घरासाठी करतेय. भावाची ओढाताण मला बघवत नाही, महिनाभरात त्याचं वजन उतरलंय.

त्याच्या हाती उत्तर दे. होय असेल तरच दे.

*

सोमवार, १७ मार्च

वन्सं,

उत्तर नाही असं आहे. तरी देतेय.

नावं हवीत? घ्या. पहिलं माझं. दुसरं माझं. तिसरं माझं. चाळीसच्या चाळीस जागी माझंच लिहा आणि साहेबांना नेऊन द्या.

आता त्या मुलीबद्दल. पत्र वाचून झाल्यावर मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुमच्या भावाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. मग मला आठवलं की तुम्ही आमच्याकडे येता तेव्हा बाथरूमच्या दाराला आतून कडी लावत नाही. दार नुसतं लोटता आणि आईंना बाहेर स्टुलावर बसवता. मला वाटायचं, वयानुसार चक्कर वगैरे येत असेल. तुमच्या भावाला वाटायचं, लाड.

ती मुलगी तुम्ही होतात.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. तुम्ही आठ वर्षं हे कुणाला बोलला नाहीत, सख्ख्या भावालाही नाही. मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे पत्र वाचायचं नाही असं त्याला बजावलंय आणि त्याची हिंमत नाही.

पण वाईट वाटून झाल्यावर राग आला तो वेगळाच. मला एक सांगा, त्या माणसाचं खातं बंद झालं का? त्याने बाहेरून कडी लावली, त्याचं अॅप बंद केलं का कंपनीने? की आजही तो बायकोच्या नावाने बुकिंग करतोय आणि आमच्यातलीच कुणीतरी किट घेऊन त्याची बेल वाजवतेय, दिवसभर तहानलेली? हो की नाही, एका शब्दात उत्तर द्या. मला तुमच्याकडून दुसरं काही नको.

दार त्याने लावलं आणि बंदी आमच्यावर आली. आणि ती तुमच्या हाताने लिहून घेतली त्यांनी. तुम्हाला अजून वाटतं की तुम्ही आम्हाला वाचवलंत.

माफी वगैरे लिहिणार नाही. ३१ तारखेला तुमची आमची गाठ आहे. सकाळी नऊ वाजता. हे ऑफिसात सांगायचं असेल तर खुशाल सांगा, सांगणारच आहात.

तुमची भावजय

*

गुरुवार, ३ एप्रिल

भावजयीस,

दोन गुरुवार मी भावाला हात हलवत परत पाठवलं, कारण मला लिहायचंच नव्हतं. आज लिहितेय ते तुझी जिरवायला. पण लिहिताना माझीच जिरतेय, त्याला इलाज नाही.

तू जाणूनबुजून केलंस. 'गाठ आहे' असं लिहिलंस आणि मी ऑफिसात सांगितलं की सोमवारी नऊला बायका फाटकावर येणार. सांगितलं, हो. साहेबांनी जास्तीचे बावीस पहारेकरी बोलावले. लोखंडी कठडे लावले. कॅमेरा लावला. नऊ वाजले. फाटकावर एक कुत्रं आलं आणि गेलं. पहारेकरी कठड्यांना टेकून चहा पीत उभे होते.

आणि वर ऑफिसात पडदा लाल व्हायला लागला. तुझ्या चाळीस जणी म्हणता म्हणता दोनशेच्या वर निघाल्या. महिन्याला कारण न देता चार कामं रद्द करायची मुभा कंपनीनेच दिलीय. कुणी ती कधी वापरत नाही, वापरली तर वाईट दिसेल या भीतीने. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती मुभा बुडते. तुम्ही सगळ्यांनी ती साठवून ठेवलीत आणि नऊ वाजता एकदम वापरलीत. पहिलं काम रद्द. ते दुसरीला गेलं, तिनेही रद्द. तिसरीला गेलं, रद्द. एक नियम मोडला नाहीत. साहेब ओरडत होते, कुणावर कारवाई करायची ते सांगा, आणि कुणावरच करता येत नव्हती. मी पाहत होते. पहिल्या दहा मिनिटांत मला तुमचा अभिमान वाटला. हे तुला सांगायचं नव्हतं, हातातून निसटलं. खोडत नाही.

मग त्यांनी आम्हा ट्रेनरना किट हातात देऊन गिऱ्हाइकांकडे धाडलं. ऑफिसची इज्जत राखा म्हणाले. आठ वर्षांनी मी किट उचललं. सत्तेचाळिसाव्या वर्षी. पट्टा खांद्यात रुततो हे विसरले होते.

पहिलं घर झालं. दुसरं झालं. तिसऱ्या घरी दीड वाजला होता. सकाळी आटपून निघाले होते, मी नेहमीच आटपून निघते. पण वय ऐकत नाही. त्या घरात दोन बायका होत्या, मायलेकी, पुरुष नव्हता, हे मी आधी बघून घेतलं. आठ वर्षांत पहिल्यांदा परक्या घरात विचारलं, बाथरूम वापरू का. मुलीने मोबाइल माझ्यासमोर धरला. 'आमच्या पार्टनर तुमचे स्वच्छतागृह वापरत नाहीत, निश्चिंत राहा.' ठळक अक्षरांत, फुलांच्या चित्राखाली. मी नियम लिहिला होता बायकांना जपायला. कंपनी तो गिऱ्हाइकांना विकत होती. जाहिरातीत. हे मला माहीत नव्हतं, तू विश्वास ठेव अथवा ठेवू नकोस.

काम पूर्ण केलं. जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळं संपलं. उभी होते तिथेच. किट एका हातात, दुसरा हात भिंतीला. खालून कुणी वर येत होतं, म्हणून मी मोबाइलवर बोलत असल्याचं नाटक केलं. मग गडद रंगाचा एप्रन उलटा बांधला आणि चौथ्या घरी गेले. तिथे दोन तास गुडघ्यांवर बसून काम केलं. त्या बाईने पाच स्टार दिले.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. तू ही गाठ मारली नसतीस तर त्या दिवशी मी ऑफिसात माझ्या खुर्चीवर असते. तुझा राग येतो, इतका येतो की पेनाने कागद दोनदा फाटला.

तू एका शब्दात उत्तर मागितलं होतंस. नाही. त्याचं खातं बंद झालं नाही. मी बैठकीत विचारलं होतं, तेव्हा साहेब म्हणाले होते, पुरावा काय, आणि असं परत होऊ नये म्हणून तुम्हीच एखादा नियम लिहा, तुमची भाषा चांगली आहे. नियम लिहिला आणि आठवड्याने मला ट्रेनर केलं. मला वाटलं, माझ्या हुशारीचं चीज झालं.

आणि तुला पन्नासपैकी सत्तेचाळीस पडले होते. पास व्हायला चाळीस लागतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी वरून सात नावांची यादी आली होती. मी सातही जणींच्या कागदावर 'नापास' लिहिलं.

*

शनिवार, ५ एप्रिल

वन्सं,

खोटं बोलत नाही. फाटकावरच्या कुत्र्यापर्यंत मी हसले, मोठ्याने हसले, तुमचा भाऊ आतून धावत आला. ऑफिसात सांगाल याची मला खात्रीच होती, म्हणूनच तसं लिहिलं. त्याबद्दल माफी मागणार नाही.

मग जिन्याचं वाचलं. हसू गेलं. पण तुम्हाला वाटत असेल की मला कीव आली, तर तसंही नाही. तुम्ही त्या अवस्थेत चौथ्या घरी गेलात, ते वाचून मला तुमचा आजवरचा सगळ्यात जास्त राग आला. घरी का नाही गेलात? त्या ऑफिसने तुमचं काय ठेवलं होतं की तुम्ही ओल्या कपड्यांनी त्यांची इज्जत राखत होतात? आमच्याकडे यायचं होतंत. दहा मिनिटांवर घर आहे. मी दार उघडलं असतं, तोंडाने दोन शब्द ऐकवले असते आणि साडी काढून दिली असती. तुम्हाला ते नको होतं. तुम्हाला पाच स्टार हवे होते.

माझ्यावर दोन-तीनदा अशी वेळ आली आहे. लांब वेणीवर आली आहे. चष्मेवाली तर पिशवीत जादा सलवार घेऊनच निघते. आम्ही एकमेकींना सांगतो म्हणून आम्ही जिन्यात जमलो. तुम्ही कुणाला सांगत नाही म्हणून तुम्ही वर बसलात.

आता बातमी. काल माझी आयडी सुरू झाली. पडदा हिरवा, वर फुगे उडतात, 'पुन्हा स्वागत आहे'. सकाळपासून तीन कामं आली. मी एकही घेतलेलं नाही, कारण बाकी सहा जणींचा पडदा अजून पांढराच आहे. फक्त माझीच सुरू केलीय. का, ते मला पाचच मिनिटांत कळलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या जणींना कळलं. लांब वेणी माझ्याकडे एकदाच बघून तोंड फिरवून बसली. तिला वाटलं की मी तुमच्यामार्फत काही जमवलं. दोनशे बायकांना नऊ वाजता बटण एकदम दाबायला लावलं आणि आज एकही जण माझ्या हातचा चहा घेत नाही. तुमच्या साहेबांना पहारेकऱ्यांपेक्षा हा उपाय स्वस्तात पडला.

मी काम घेणार नाही. सहा जणींचं सुरू झाल्याशिवाय घेणार नाही. तेरा दिवस काम घेतलं नाही तर आयडी आपोआप कायमची जाते, हा तुमचाच अकरावा नियम. मोजून ठेवा.

मला तुमच्या जिन्याची गोष्ट नको. सत्तेचाळीस मार्क माझ्या कानात सांगून मला काय मिळणार? पत्रात लिहिलेलं मी कुठेही दाखवणार नाही, ते तुम्ही भावजयीला लिहिलंय. हिंमत असेल तर जिथे खोटं लिहिलंत तिथेच खरं लिहा. सहा जणींना खरे किती पडले होते आणि यादी कधी आली होती. तारखेसकट.

नसेल जमत तर नका लिहू. पण मग परत मला अभिमान वगैरे सांगू नका.

तुमची भावजय

*

गुरुवार, १० एप्रिल

भावजयीस,

सोबत आठ कागद आहेत. मोजून घे, भाऊ वेंधळा आहे.

सहा कागद त्या सहा जणींचे. सगळ्यात कमी मार्क बेचाळीस, ते चष्मेवालीचे, ती दवाखान्यातून उठून आली होती तरी. म्हणजे सगळ्याच पास होत्या. यादी कोणत्या तारखेला आली, कुणी आणून दिली, ते प्रत्येक कागदावर आहे. सातवा तुझा. आयडी सुरू झाली म्हणून गप्प बसू नकोस, 'नापास' हा शेरा फाईलमध्ये तसाच आहे आणि तो ते पुढे कधीतरी काढतीलच.

या सगळ्याच्या प्रती मी आज सकाळी ऑफिसात माझ्या हाताने दिल्या आणि पोच घेतली. कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कचेरीतही दिल्या. तिथला कारकून म्हणाला, बाई, तुम्ही तक्रार करणाऱ्या की ज्यांच्यावर तक्रार आहे त्या? मी म्हटलं, दोन्ही लिहा. दुपारी जेवून परत गेले तर माझ्या कार्डाने फाटक उघडलं नाही. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने दुसरीकडे पाहिलं. खुर्चीवरची शाल आत राहिली आहे, ती राहू दे.

तुझ्यासाठी केलेलं नाही. भावाने रविवारीच आणून दिलेलं तुझं पत्र वाचून मी आधी ते फाडलं, हे तुला कळायला हवं. तू बोलतेस ते मला अजूनही सहन होत नाही. माझ्या घरी येऊ नकोस, सांत्वनाला तर मुळीच नको. आणि आईला त्या गोळ्या मधातून दे, थुंकणार नाही. हे तुला सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

आठवा कागद माझा आहे. ते घर, तो मजला, ती तारीख, बाहेरून लावलेली कडी, चाळीस मिनिटं, आणि तो जे बोलत होता ते, जसंच्या तसं. ज्या बायकांना अजून त्या पत्त्यावरची कामं येतात त्यांना आधी वाचून दाखव. जिन्यात सगळ्यांसमोर वाचलास तरी चालेल.

वाचताना माझं नाव गाळू नकोस.